पाचशे वर्षांपूर्वीची निजायची खोली पाहून आले. आता आमच्या महालातल्या खोलीचं काय करू?

महालची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी विचारते, आधी थोडं सांगावं लागेल.

मी ६१ वर्षांची, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. १९८६ साली लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आले. बडकस चौकातून आत वळलं की आमची गल्ली. वाडा तीन हिश्श्यांचा आहे: थोरल्या सासऱ्यांचा, आमचा आणि धाकट्या सासऱ्यांचा. मधला चौक सामाईक, विहीर सामाईक, दिंडीदरवाजा सामाईक. यंदा तिन्ही घरांनी मिळून वाडा बिल्डरला द्यायचं ठरत आलंय. प्रत्येकाला दोन-दोन फ्लॅट. मी विरोध करून राहिले नाही. पावसाळ्यात पाच ठिकाणी बादल्या ठेवून मीही थकले आहे.

पण वाड्यात एक खोली आहे, अक्कांची. अक्का म्हणजे माझ्या आजेसासूबाई. दोन खणांची खोली, माजघराच्या उत्तरेला. सागवानी पलंग, त्याला मच्छरदाणीचे चार कातीव खांब, भिंतीतलं फडताळ, समईचा कोनाडा, तांब्या-पेल्याची चौरंगी, आणि दाराशेजारी सात खुंट्यांची फळी. अक्का १९९३ साली गेल्या. त्यानंतर त्या खोलीत कोणी राहायला गेलं नाही. मुद्दाम असं नाही, तसंच होत गेलं. मी रोज झाडून घेते.

मे महिन्यात लेकीकडे जर्मनीला गेले होते. एका रविवारी ती मला बुर्ग एल्त्स नावाच्या गडावर घेऊन गेली. मोझेल नदीच्या खोऱ्यात, एल्त्सबाख नावाचा ओढा तिन्ही बाजूंनी वळसा घालून जातो आणि मधल्या खडकावर हा गड. गाडी वर ठेवून जंगलातून उतरत जावं लागतं. एका वळणावर झाडी संपते आणि एकदम सगळे मनोरे समोर येतात. बाराव्या शतकापासून तो एकाच घराण्याकडे आहे, तीसहून अधिक पिढ्या झाल्या म्हणतात. जुन्या ५०० मार्कच्या नोटेवर हाच गड छापलेला होता.

आत फोटो काढू देत नाहीत. माहितगार माणूस सोबत येतो आणि चाळीसेक मिनिटांत फिरवून आणतो. शस्त्रांची खोली झाली, खालचा दालनवजा दिवाणखाना झाला (तिथे लुकास क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराचं मेरी आणि बाळाचं चित्र आहे, बाळाजवळ द्राक्षं, त्यासमोरून माझा पाय निघेना), आणि मग वरच्या मजल्यावर निजायच्या खोलीत आलो.

त्या खोलीबद्दल लिहायचं म्हणूनच हा धागा. र्‍युबेनाख नावाच्या, घराण्यातल्या एका शाखेचं हे घर, १४७२ साली बांधून पुरं झालेलं. भिंतीभर वेलबुट्टी रंगवलेली आहे. पानं, फुलं, वळणं, भिंत संपून दाराची चौकट सुरू होते तिथवर. एका बाजूला पलंग. तो जमिनीवर नाही, चांगला उंचावर, पायरी चढून जावं असा. वर छत आणि भोवती पडदे. सोबतच्या माणसाने सांगितलं की ऊब वर चढते आणि गार वारा जमिनीलगत वाहतो, म्हणून पलंग वर. आणि भिंतीतून बाहेर काढलेला एक छोटासा कोनाडा, त्याला रंगीत काचा. तो देव्हारा. तो भिंतीबाहेर का काढला? तर देवाच्या डोक्यावर माणसाने राहू नये, वर मजला येऊ नये, म्हणून.

हे ऐकलं आणि मला तिथेच भरून आलं. कारण आमच्या वाड्यातही देवघरावर माळा नाही. वर सरळ कौलं. अक्का मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "देवाच्या वर पाय पडू नये ग." कुठलं मोझेल, कुठलं महाल.

लेकीने विचारलं, आई काय झालं. मी म्हटलं, अक्कांची खोली आठवली.

आता प्रश्न. बिल्डर म्हणतो, सामान नव्या फ्लॅटमध्ये न्या, एक बेडरूम "हेरिटेज लूक"ची करून देतो. माझे दीर म्हणतात, पलंगाला चांगली किंमत येते, जुन्या सामानाचे व्यापारी दारात येऊन जातात. माझ्या मनात तिसरंच आहे, पण ते मला नीट मांडता येत नाही. खोली उचलून दुसरीकडे नेली तर ती तीच खोली राहते का? कोणी असं केलंय? काय वाचवावं, कसं वाचवावं?

मोझेलकाठी

काकू, नमस्कार. मी मूळचा धरमपेठेतला. आता अकरा वर्षं कोब्लेन्त्सजवळ राहतो. नागपूरहून कोणीही आलं की त्यांना एल्त्सला नेणं हे माझं ठरलेलं काम, त्यामुळे ती खोली मी वीसेक वेळा तरी पाहिली असेल.

तुम्ही तीन हिश्श्यांचं लिहिलंत म्हणून सांगतो. एल्त्सचंही तेच आहे! १२६८ साली एलियास, विल्हेल्म आणि थिओडोरिख या तीन भावांच्या वाटण्या झाल्या. पण गड तोडला नाही, विकला नाही. तिघांच्या शाखा एकाच चौकाभोवती आपापली घरं उभारत राहिल्या. चौकात उभं राहून वर पाहिलं तर वेगवेगळ्या उंचीचे मनोरे दिसतात ते त्यामुळे. एक घर १४७२ चं, दुसरं त्यानंतरच्या काही दशकांत उभं राहिलेलं, तिसरं साधारण १५३० चं. शंभरावर खोल्या आणि जवळजवळ तेवढीच माणसं. अशा सामाईक गडाला जर्मनमध्ये वेगळा शब्दच आहे, आणि कोणी कसं वागायचं याचे लेखी करार होत.

आता सरदारांचं दालन आठवा, तुमच्या फेरीत ते नंतर येतं. तिन्ही घरांनी एकत्र बसायची जागा ती. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे ज्याला जे बोलायचं ते मोकळेपणी बोलावं. आणि दारावर गुलाब कोरलाय, म्हणजे इथलं बोलणं इथेच ठेवावं. मी दर वेळी पाहुण्यांना आधी तो गुलाब दाखवतो.

तुमच्या वाड्यात अशी बसायची जागा आहे का? खोलीचं काय करायचं हे फोरमवर ठरण्याआधी तिथे ठरायला हवं असं मला वाटतं.

तिसरा_हिस्सा

ताई, कडू वाटेल पण लिहितो. आमचाही वाडा होता, इतवारीकडे. मीही एक खोली वाचवू म्हटलं होतं. भावांनी तोंडाने हो म्हटलं आणि पाडायच्या दिवशी मी ऑफिसात होतो. संध्याकाळी येऊन पाहतो तर तुळया ट्रकमध्ये. आईचं दळणाचं जातं मातीत अर्धं गाडलेलं सापडलं, ते तेवढं आणलं. आज ते बाल्कनीत आहे आणि त्यावर कुंडी ठेवलीय, कारण दुसरं काय करणार.

गडवाल्यांकडे तिकीट आहे, जमीन आहे, सरकारची मदत आहे. २००९ ते २०१२ मध्ये तिथे मोठी दुरुस्ती झाली, त्यातही सरकारी पैसा होता. आपल्याकडे एका कुटुंबाने एकट्याने काय काय पेलायचं? भावना समजते. पण जे करायचं ते कागदावर करून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

महालची_सून

@तिसरा_हिस्सा, भाऊ, जात्याचं वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही. कुंडी काढून ठेवा. सणावाराला त्यावर मूठभर हळद भरडा, आवाज तरी येईल घरात. आणि कागदाचं मनावर घेते.

@मोझेलकाठी, बाळा, तो गुलाब मी पाहिला होता, पण अर्थ कानावरून गेला असावा. आमच्याकडे बसायची जागा म्हणजे ओसरी. तिथे आता दोन स्कूटर आणि एक जुना कूलर आहे.

सागवान_बल्लारपूर

ताई, मी पिढीजात सुतार. आजा आलापल्लीच्या जंगलातला साग ओढून आणे, बाप नागपुरात वाड्यांचं काम करे. पलंगाचं सांगतो तुम्हाले.

पहिलं, विकू नका. व्यापारी खांब कापते आणि त्याचे लॅम्प करते. मी डोळ्यानं पाह्यलं आहे.

दुसरं, जुन्या पलंगाले खिळा नसते. पट्टीच्या टोकाले कुसू काढलेलं असते, ते खांबाच्या खोबणीत जाते आणि वरून लाकडाची पाचर ठोकते. पाचर काढली की पलंग खुलते. पण कोणालेही हात लावू देऊ नका. हातोडा मारला की शंभर वर्षांचं कुसू फाटते, मंग जोडता येत नाही. पलंगाखाली बॅटरी घेऊन झोपा आन पट्टीच्या आतल्या बाजूले पाहा. जुने मिस्त्री पटाशीनं खुणा करत, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. कोणती पट्टी कोणत्या खांबाले, ते त्यात असते. खुणा असल्या तर समजा तो पलंग खोलासाठीच केला होता.

तिसरं, खोलीची आणि पलंगाची मापं घ्या. दाराचं बी घ्या.

चौथं, उधई. खालचे चार पाय ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर आतून खाल्लं आहे. चमकवाच्या नादात पॉलिशवाल्याले बोलावू नका. मऊ फडक्यानं धूळ पुसा, मंग बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, अगदी पातळ हात द्या आणि लागलं तेवढं लागू देऊन वरचं पुसून काढा. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका बरं, पाण्यात भिजवून टाका, ते आपोआप पेट घेतात.

चुनाखडी

मी आर्किटेक्ट, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. महालची_सून ताई, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते: खोली पूर्ण उचलता येत नाही. सामान उचलता येतं.

का, ते सांगते. एल्त्सची ती निजायची खोली म्हणजे थंडीशी केलेली व्यवस्था आहे. उंच पलंग, पडदे, जाड भिंती. त्या गडाच्या तिसऱ्या घरात तर म्हणे प्रत्येक खोली तापवता येत असे, बाकी गडांवर एखाद-दुसऱ्या खोलीत शेकोटी असायची त्या काळात. तुमच्या अक्कांची खोली ही नागपूरच्या उन्हाशी केलेली व्यवस्था आहे. मी ती पाहिलेली नाही, पण लिहिलंय त्यावरून अंदाज करते: उत्तरेकडची, भिंत मातीची आणि दीड-दोन फूट जाड, गिलावा चुन्याचा, खिडकी लहान आणि तिला वाळ्याचा पडदा लावायला वर कड्या. नवतपात बाहेर ४५-४६ असताना आत वाळ्यावर पाणी मारलं की अंग टेकवता येत असणार. तोच पलंग चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या काचेच्या खिडकीजवळ ठेवला तर एसी लावावा लागेल. पलंग असेल, पण अक्का दुपारी तिथे का पडत हे कोणाला कळणार नाही.

म्हणून दोन पर्याय सुचवते. बिल्डरशी करार होण्याआधी नकाशात तेवढा भाग, दोन खण, जागेवर ठेवून इमारत मागे घेता येते का ते तपासायला सांगा. प्लॉटच्या कडेला असेल तर अशक्य नाही. सामाईक जागा म्हणून दाखवता येतं. आणि ते जमलं नाही, तर पाडण्याआधी खोलीची नोंद करा. तुम्ही चित्रकलेच्या बाई आहात! प्रत्येक भिंत समोरून काढा, मापासकट. कोणती वस्तू कुठल्या भिंतीला, जमिनीपासून किती उंच. फोटोपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण काढताना तुम्हाला पाहावं लागतं.

आणि पाडेपर्यंतसुद्धा त्या भिंतींना सिमेंट किंवा ऑइलपेंट लावू देऊ नका. मातीच्या भिंतीतली ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुगा होते. या एका चुकीने जितके वाडे गेलेले मी पाहिलेत तितके पावसाने गेलेले पाहिले नाहीत.

मोझेलकाठी

@तिसरा_हिस्सा दादांच्या मुद्द्यावर एक. एल्त्स सोपेपणी टिकला असं नाही. १३३१ ते १३३६ ट्रिअरच्या आर्चबिशपशी भांडण झालं, त्याने समोरच्या टेकडीवर दुसरा किल्ला बांधून यांना कोंडलं. त्याचे अवशेष आजही दिसतात. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच सैन्याने त्या भागातले गड पाडले, तेव्हा याच घराण्यातला एकजण फ्रेंचांकडे मोठा अधिकारी होता, त्याच्यामुळे हा वाचला. पुढे एक शाखा संपली, दुसरीचा वाटा विकत घेतला गेला आणि १८१५ पासून सगळा गड एका शाखेकडे आला. १८४५ ते १८८८ अशी चाळीसहून अधिक वर्षं डागडुजी चालली. १९२० मध्ये एका भागाला आग लागली, तो पुन्हा उभा करायला दहा वर्षं गेली.

म्हणजे दर पिढीत कोणीतरी धरून ठेवलं. खोली आपोआप राहत नाही, काकू. तुम्ही रोज झाडता ना, तेच ते.

चुनाखडी

आगीवरून आठवलं. आपल्या भोसल्यांचा महालातला जुना राजवाडा, काळ्या दगडाचा आणि वर सगळं कोरीव लाकूडकाम, १८६४ साली जळला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. त्या लाकडावर काय नक्षी होती, कुठल्या दालनात काय होतं, हे आज मला हवं असून काढता येत नाही. ताई, म्हणून म्हणते, आधी चित्रं काढा. उद्यापासून.

महालची_सून

बारा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते क्रमाने नाही, जसं आठवतं तसं सांगते.

मापं घेतली. पलंग साडेसहा फूट बाय साडेचार. खोलीचं दार दोन फूट दहा इंच. म्हणजे हा पलंग दारातून अख्खा कधी आत गेलेलाच नाही, तुकड्यांनी गेला आणि आत उभा राहिला. मी ३९ वर्षं ज्या खोलीत वावरले तिथली ही गोष्ट मला माहीत नव्हती. सागवान_बल्लारपूर भाऊ, तुम्ही सांगितलं तशी बॅटरी घेऊन चटई टाकून पलंगाखाली गेले. खुणा आहेत! डोक्याकडच्या पट्टीला एक रेघ, भिंतीकडच्या पट्टीला दोन, पायथ्याशी तीन, आणि चौथीला चार नाहीत, एक फुली आहे. बोटाने चाचपून पाहिली. पटाशीची कड अजून बोटाला लागते. पाय चारही ठोकले. तीन ठणठणीत, खिडकीकडचा एक भद्द. तो पाहायला तुम्ही नागपूरला याल का? वाड्यावर उतरा, जेवायलाच या.

चुनाखडी ताई, तुमचे अंदाज अचूक. भिंत एक फूट अकरा इंच. खिडकीवर दोन लोखंडी कड्या आहेत, मला त्या झुल्याच्या वाटायच्या. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं झुला कुठला, वाळ्याचा पडदा असायचा तिथे. पाणी मारायचं काम माझं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी." मी येईपर्यंत कूलर आला होता, म्हणून मी तो पाहिला नाही.

रोज पहाटे बसून भिंतींची चित्रं काढून राहिले. उत्तरेची भिंत काढायला तीन दिवस लागले. खुंट्यांच्या फळीवर सात खुंट्या, त्यातली पाचवी बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली आहे. आधी वाटलं मिस्त्रीची चूक. काढता काढता लक्षात आलं की ती अक्कांच्या काठीची. शेवटच्या वर्षांत हात वर जात नसे त्यांचा, म्हणून ती खुंटी कोणीतरी उपटून खाली बसवली आहे. जुनं भोक लाकडाने बुजवलंय, ते वेगळ्या रंगाचं दिसतं. कोणी केलं ते विचारलं तर घरात कोणालाच सांगता येईना. माझे सासरे असावेत. ते असं काही करून बोलत नसत.

ओसरीवरच्या स्कूटर बाहेर काढायला लावल्या. रविवारी तिन्ही घरं बसलो, आम्ही सहा मोठे आणि पुतण्या. मी त्यांना चार चित्रं दाखवली आणि गडावरच्या गुलाबाची गोष्ट सांगितली. दीर म्हणाले, जे बोलायचं ते इथेच बोलू. आवाज चढले. थोरल्यांकडचं म्हणणं, दोन खण सोडले तर प्रत्येकाचे चौरस फूट कमी होतात, आणि त्यांच्या मुलाला पैशाची गरज खरी आहे. तेही खोटं नाही. बिल्डरला नकाशा बदलून किती फरक पडतो ते लेखी द्यायला सांगितलं आहे. तोवर सह्या नाहीत, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं, आणि पुतण्याने ते वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तिसरा_हिस्सा भाऊ, हे तुमच्यामुळे.

आणि एक. अक्कांची पितळी समई त्या गेल्या त्या वर्षी वाटणीत थोरल्यांकडे गेली होती. माझ्या चित्रात तो कोनाडा रिकामा होता. काल संध्याकाळी खोलीत गेले तर समई कोनाड्यात, चिंचेने घासलेली, वात घातलेली. जाऊबाई ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. कोनाड्याचं चित्र पुन्हा काढायला घेतलं आहे.

सागवान_बल्लारपूर

येतो ताई, पोळा झाला की येतो. तोवर भद्द पायाखाली वीट ठेवा, वजन त्याच्यावर येऊ देऊ नका. आन समईखाली ताटली ठेवा, तेल कोनाड्यात झिरपलं की चुना सुटते.